महापालिकेत सत्ता बदलली की अग्रलेख काय सांगतात आणि काय सोडून देतात?

महापालिकेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे गुलाल उधळल्याचे व्हिडिओ. दुसरी म्हणजे कुठल्या तरी पेपरच्या अग्रलेखाचा फोटो. फॅमिली ग्रुपवर काका तो टाकतात, मग दुसऱ्या पेपरचा फोटो मामा टाकतात आणि दोघांच्या फोटोंत एकाच निकालाचा अर्थ अगदी उलटा असतो.

एकाला तो जनतेचा ऐतिहासिक कौल वाटतो, दुसऱ्याला पैशाचा खेळ. एकाला त्यात पुढच्या विधानसभेची चाहूल लागते, दुसऱ्याला मराठी माणसाचा पराभव दिसतो. तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, घरपट्टी वाढणार की नाही, कचऱ्याची गाडी रोज येणार का, याबद्दल मात्र दोन्हीकडे फारसं काही नसतं.

असं का होतं? आणि असा अग्रलेख हातात आला तर तो वाचायचा कसा? मुंबई, नाशिक, जळगाव, सांगली अशा खऱ्या उदाहरणांतून हे समजून घेऊ.

आधी हे सांगा, अग्रलेख म्हणजे नेमकं काय?

बातमी सांगते की काय झालं. अग्रलेख सांगतो की जे झालं त्याबद्दल या वर्तमानपत्राचं मत काय आहे. त्याखाली सहसा कुणाचं नाव नसतं, कारण ते एका माणसाचं नाही तर पेपरचं मत मानलं जातं. शेजारी नावासकट छापलेले लेख असतात, ते त्या त्या लेखकाचे.

मराठीत अग्रलेखाचं वजन जुनं आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती, रँडची हत्या झाली आणि त्यानंतर सरकारने पुण्यावर कडक कारवाई सुरू केली. तेव्हा लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त लिहिलेल्या 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखाचं नाव आजही शाळकरी मुलांना माहीत असतं. तो अग्रलेख शहरातल्या माणसांवर काय गुदरतंय याबद्दल होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पण 'सत्ता बदलली' म्हणजे काय बदललं?

इथेच पहिला घोळ होतो. महापालिकेतला सत्तापालट एकाच प्रकारचा नसतो.

पहिला प्रकार सरळ आहे. मतदारांनीच जुन्या पक्षाला उतरवलं आणि नव्याला बसवलं.

दुसऱ्या प्रकारात मतदारांनी एक आकडा दिला, पण महापौर निवडीच्या दिवशी नगरसेवकांनी वेगळंच गणित मांडलं. आपल्या महापालिकांमध्ये महापौर थेट जनता निवडत नाही, नगरसेवक निवडतात. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असते. म्हणजे पाच वर्षांच्या मधोमध, एकही मत न पडता, सत्ता बदलू शकते.

तिसऱ्या प्रकारात पक्ष बदलतो, पण माणसं बरीचशी तीच राहतात. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडला १२८ पैकी ७७ जागा जिंकून भाजप सत्तेत आला आणि राष्ट्रवादी ३६ वर थांबली. अजित पवारांचा गड पडला, असं त्याचं वर्णन झालं. पण शहरात भाजपची मोट बांधणारे दोन मोठे चेहरे, लक्ष्मण जगताप आणि महेश लांडगे, दोघंही आधी राष्ट्रवादीच्याच राजकारणात वाढलेले होते.

अग्रलेखात या तिन्ही प्रकारांसाठी बरेचदा एकच शब्द येतो, 'कौल'. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हा कौल दिला कुणी? मतदारांनी की नगरसेवकांनी?

मुंबई १९८५: एकाच शहराने दोन महिन्यांत दोन उत्तरं दिली

मतदारांनी घडवलेल्या सत्तापालटाचं महाराष्ट्रातलं सर्वात मोठं उदाहरण १९८५ चं. त्या वर्षी शिवसेनेने मुंबई महापालिकेत १७० पैकी ७४ जागा जिंकल्या आणि छगन भुजबळ महापौर झाले. त्याआधीही सेनेचे महापौर झाले होते, पण ते इतर पक्षांच्या मदतीने. यावेळी सेना सर्वात मोठा पक्ष होती.

पार्श्वभूमी अशी होती. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडकळीला आला होता. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे, अशा अर्थाचं मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचं वक्तव्य प्रचारात गाजलं. त्याचा फायदा सेनेला झाला, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता यातली गंमत बघा. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली होती आणि तिथे सेनेचा फक्त एक आमदार निवडून आला होता, छगन भुजबळ. शहर तेच, मतदार तेच आणि मधे जेमतेम दीड-दोन महिने. तरी निकाल पूर्ण वेगळा लागला.

म्हणजे महापालिकेचं मत आणि विधानसभेचं मत एकाच तराजूत तोलता येत नाही. महापालिका जिंकल्यावर सेनेला राज्यात सत्ता मिळायला १९९५ उजाडलं. मधल्या काळात १९९२ मध्ये तर मुंबई महापालिकाही काँग्रेसने परत घेतली होती.

आणखी एक गोष्ट. १९८५ मध्ये सेनेकडे स्वतःचं दैनिक नव्हतं. 'मार्मिक' हे साप्ताहिक १९६० पासून होतं, पण रोज सकाळी अग्रलेखातून बोलायची सोय नव्हती. 'सामना' सुरू झाला २३ जानेवारी १९८८ रोजी. म्हणजे सेनेच्या त्या विजयावर दैनिकांत जे अग्रलेख आले ते बाहेरच्यांचे होते. त्यानंतरच्या प्रत्येक निकालावर मात्र पक्षाचा स्वतःचा अग्रलेख असणार होता आणि बाकीचे पेपर त्या अग्रलेखाचीच बातमी करणार होते.

मुंबई २०१७: अग्रलेखच निवडणुकीचा मुद्दा झाला

२०१७ मध्ये राज्यात आणि केंद्रात एकत्र सत्तेत असलेले सेना आणि भाजप मुंबईत वेगळे लढले. 'सामना'तून भाजपवर रोज टीका होत होती. ती इतकी झोंबली की 'सामना'चं प्रकाशन मतदानाच्या आसपासच्या तीन दिवशी, १६, २० आणि २१ फेब्रुवारीला, थांबवावं अशी मागणी भाजपच्या बाजूने राज्य निवडणूक आयोगाकडे करण्यात आली. उद्धव ठाकरे यांनी याची तुलना आणीबाणीशी केली. पेपर काही बंद झाला नाही. पण एका पक्षाचा अग्रलेख म्हणजे प्रचाराचं भाषण की वर्तमानपत्राचं मत, हा प्रश्न त्यातून उघडपणे समोर आला.

२३ फेब्रुवारीला निकाल लागला. २२७ पैकी सेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या, निवडणुकीत भाजपच्या ३१ जागा होत्या.

या आकड्यांचे दोन अर्थ सहज निघतात. 'सेनेने मुंबई राखली' हाही बरोबर आणि 'भाजपने सेनेला गाठलं' हाही बरोबर. कोणता अर्थ मथळ्यात घ्यायचा हे पेपरने ठरवायचं असतं.

खरी गोष्ट मात्र ४ मार्चला घडली. भाजप महापौरपदाची निवडणूक लढणार नाही, विरोधी पक्षनेतेपदही घेणार नाही, तर पारदर्शकतेसाठी पहारेकऱ्याचं काम करेल, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं. ८ मार्चला सेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले.

तेव्हा चर्चा झाली ती युती टिकणार की तुटणार याची. पण महापालिकेच्या सभागृहात याचा परिणाम काय झाला? ८२ नगरसेवकांचा पक्ष ना सत्तेत, ना अधिकृत विरोधात. विरोधी पक्षनेतेपद गेलं ३१ जागांच्या काँग्रेसकडे. पुढे राज्यात सेना आणि भाजप वेगळे झाले, तेव्हा २०२० मध्ये भाजपने त्या पदावर दावा सांगितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे भाजपला ते पद मिळालं नाही.

देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेत विरोधी बाकांवर कोण बसणार, हा मुंबईकरांच्या पैशाशी थेट जोडलेला प्रश्न होता. 'युतीचं काय होणार' या प्रश्नापुढे तो लहान दिसला.

नगर, जळगाव, सांगली: मतदानाशिवाय सत्तापालट

आता दुसरा प्रकार बघू.

अहमदनगर, डिसेंबर २०१८. ६८ जागांच्या महापालिकेत शिवसेना २४ जागांसह सर्वात मोठा पक्ष ठरली. राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ जागा मिळाल्या. महापौर कुणाचा झाला? तिसऱ्या क्रमांकावरच्या भाजपचा. राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनी बाबासाहेब वाकळे यांना मतं दिली. राज्यात एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन पक्ष इथे एकत्र आले. नंतर राष्ट्रवादीने आपल्या नगरसेवकांवर कारवाई केली, पण महापौर बसायचा तो बसला.

जळगाव, मार्च २०२१. २०१८ च्या निवडणुकीत ७५ पैकी ५७ जागा भाजपच्या होत्या, म्हणजे प्रचंड बहुमत. तरी अडीच वर्षांनी शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. सेनेचे १५, एमआयएमचे ३ आणि भाजपचे २७ फुटीर, असा ४५ चा हिशेब. कोरोनामुळे ही निवडणूक ऑनलाइन झाली होती.

सांगली-मिरज-कुपवाड, फेब्रुवारी २०२१. ७८ जागांमध्ये भाजपच्या ४१. महापौर झाले राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी, ३९ विरुद्ध ३६ मतांनी. भाजपची मतं फुटली, काही जण गैरहजर राहिले.

मग पक्षांतरबंदीचा कायदा कुठे गेला? तो आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. पण महापौर एका सभेत निवडला जातो, तर अपात्रतेची सुनावणी तारखा घेत चालते. निकाल येईपर्यंत मुदत संपत आलेली असते.

अशा घटनेवर अग्रलेख लिहिताना पेपरची खरी परीक्षा होते. आपल्या आवडत्या पक्षाने केलं तर ती 'खेळी', 'करेक्ट कार्यक्रम'. दुसऱ्याने केलं तर 'घोडेबाजार', 'जनादेशाचा अपमान'. वाचकाला एक सोपी चाचणी करता येते. त्याच पेपरने नगरबद्दल काय लिहिलं आणि जळगावबद्दल काय लिहिलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं. दोन्हीकडे एकच नियम लावलेला दिसला तर तो पेपर मताला धरून आहे. नियम बदललेला दिसला तर तो पक्षाला धरून आहे.

अग्रलेखांचे चार ठरलेले साचे

सत्तापालटानंतरचे अग्रलेख सलग वाचले की काही साचे परत परत भेटतात.

*नांदीचा साचा.* हा निकाल म्हणजे पुढच्या विधानसभेची किंवा लोकसभेची नांदी. सेमीफायनल, रंगीत तालीम, वाऱ्याची दिशा हे याचे आवडते शब्द. हा साचा किती फसवा असतो त्यासाठी नाशिक बघा. २०१२ मध्ये मनसेने तिथे १२२ पैकी ४० जागा जिंकल्या आणि महापौर बसवला. मनसेचा काळ आला असं वातावरण होतं. २०१४ च्या विधानसभेत मनसेचा राज्यभरात एकच आमदार आला आणि २०१७ ला नाशिकमध्ये मनसे ५ जागांवर आली.

*धड्याचा साचा.* मतदारांनी अमक्याला धडा शिकवला, तमक्याला जागा दाखवली. वाचायला झणझणीत, पण यात लाखो मतदारांना एकच डोकं आहे असं धरलेलं असतं. चार जणांच्या प्रभागात माणूस एक मत ओळखीच्या उमेदवाराला देतो, दुसरं पक्षाला, तिसरं रागाने. त्याचा 'धडा' एका वाक्यात मावत नाही.

*अस्मितेचा साचा.* मुंबईत मराठी माणूस, संभाजीनगरात धर्म, पुण्यात जुनं विरुद्ध नवं शहर. यात खोटं काही नसतं, लोक या गोष्टींवर मतं देतातच. पण एवढंच लिहिलं की रस्ते आणि नाले आपोआप बाजूला पडतात.

*उपदेशाचा साचा.* शेवटचा परिच्छेद. विजयी पक्षाने हुरळून जाऊ नये, पराभूतांनी आत्मपरीक्षण करावं, आता विकासाकडे लक्ष द्यावं. कोणत्या विकासाकडे, किती पैशात, कुणी, हे सांगितलं तर तो उपदेश कामाचा. नाहीतर पक्षाचं नाव बदलून तोच परिच्छेद दुसऱ्या शहराला चिकटवता येतो.

मग सत्ता असते तरी कुणाकडे?

अग्रलेखांत सर्वात जास्त गळणारी गोष्ट ही आहे.

राज्यात सरकार बदललं की मुख्यमंत्री बदलतो आणि त्याच्या हातात प्रशासन येतं. महापालिकेत तसं नसतं. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो, बाकीच्या महापालिकांचा १९४९ च्या. दोन्हीत रोजचा कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. आयुक्त हा सनदी अधिकारी असतो आणि त्याला नेमतं राज्य सरकार. महापौर सभागृहाचा अध्यक्ष आणि शहराचा प्रथम नागरिक. मान मोठा, अधिकार थोडे.

पैशाच्या चाव्या असतात स्थायी समितीकडे. मोठी कंत्राटं, मोठे खर्च तिच्या मंजुरीने होतात. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे तिथे सदस्य जातात. म्हणून महापौर कोण होणार यापेक्षा स्थायीचा अध्यक्ष कोण होणार, यावर जाणते नगरसेवक जास्त लक्ष ठेवून असतात.

आयुक्त आणि सभागृह यांच्यात खटकलं तर काय होतं? दोन उदाहरणं घ्या.

ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. जवळजवळ सगळं सभागृह एका बाजूला. तरी राज्य सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही, बदली झाली मार्च २०१७ मध्ये. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, यावर मतं वेगळी असू शकतात. पण शेवटचा शब्द शहराच्या सभागृहाचा नव्हता, एवढं नक्की.

२०१८ मध्ये मुंढे नाशिकला होते. तिथे १२२ पैकी ६६ जागा भाजपच्या, राज्यातही भाजपचंच सरकार. करवाढीवरून भाजपच्याच नगरसेवकांनी अविश्वास ठराव आणला. मुख्यमंत्र्यांनी सांगितल्यावर तो मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली झाली. म्हणजे पूर्ण बहुमत असलेल्या पक्षालाही घरपट्टीचा प्रश्न मुंबईत, मंत्रालयात सोडवावा लागला.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली, १८ विषयांची यादीही जोडली गेली. पण त्यातलं किती शहरांना द्यायचं हे राज्यावर सोडलं. म्हणून 'अमक्या पक्षाच्या हातात शहराच्या चाव्या' असं वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा. कोणत्या कुलपाच्या?

पेपर कुणाचा आहे, हे बघायचं का?

बघायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

'सामना' हे ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र, हे तो पेपर लपवत नाही. 'तरुण भारत' संघाच्या विचारांशी जोडलेला, हेही उघड आहे. 'सकाळ' समूह शरद पवारांचे बंधू प्रताप पवार यांच्या कुटुंबाकडे आहे. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा. विजय दर्डा काँग्रेसचे खासदार होते, राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. 'प्रहार' नारायण राणेंनी सुरू केला. 'लोकसत्ता' इंडियन एक्स्प्रेस समूहाचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्स समूहाचा.

मालक अमुक म्हणून प्रत्येक ओळ विकलेली, असा याचा अर्थ नाही. मालकाला न पटणारी मतं छापणारे संपादक मराठीत होऊन गेले आहेत आणि आजही आहेत. उलट मुखपत्राचा एक फायदाही असतो. पक्षाला नेमकं काय म्हणायचंय ते तिथे आडपडदा न ठेवता कळतं. फक्त ते पक्षाचं म्हणणं आहे, हे विसरायचं नाही.

छोट्या शहरांत आणखी एक गोष्ट असते. महापालिकेच्या निविदा आणि जाहीर नोटिसा पेपरमध्ये छापल्या जातात, त्याचे पैसे मिळतात. मोठ्या उद्योगांच्या जाहिराती न येणाऱ्या स्थानिक पेपरसाठी ही कमाई महत्त्वाची असते. त्यामुळे नव्या सत्तेवर पहिल्याच आठवड्यात कडक लिहिणं तिथे महागात पडू शकतं. एखादा स्थानिक पेपर तरीही लिहीत असेल तर त्याची किंमत ओळखा.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. मे १९८१ मध्ये लंडनच्या ग्रेटर लंडन कौन्सिलमध्ये मजूर पक्ष जिंकला. दुसऱ्याच दिवशी पक्षाने आपला नेता अँड्र्यू मॅकिंटॉश यांना बदलून डावे केन लिव्हिंगस्टन यांना नेतेपद दिलं. म्हणजे मतदारांनी एका नेत्याकडे बघून मत दिलं आणि शहर दुसऱ्याच्या हाती गेलं. जळगाव-सांगलीच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल.

तिथल्या पेपरांनी त्यांना 'रेड केन' हे नाव दिलं. 'द सन'ने त्याच वर्षी त्यांना ब्रिटनमधला सर्वात तिटकारा आणणारा माणूस ठरवलं. वाद चालला डाव्या विचारांचा आणि आयर्लंडचा. पण लंडनच्या माणसासाठी सर्वात मोठा निर्णय होता बस आणि मेट्रोचं तिकीट जवळपास एक तृतीयांशाने कमी करण्याचा. तो निर्णय न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये रद्द केला आणि तिकिटं परत वाढली. पुढे १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ती कौन्सिलच बरखास्त केली. शहराची सत्ता वरचं सरकार काढून घेऊ शकतं, हा धडा तिथेही होता.

आणि २०२६ चं काय?

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं तिथे लोकांनी निवडलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा त्यावर प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता. मधल्या काळात शिवसेना फुटली, नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेलं, 'सामना' ठाकरेंकडे राहिला.

१५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले. मुंबईत भाजप ८९, ठाकरेंची शिवसेना ६५, शिंदेंची शिवसेना २९, काँग्रेस २४, मनसे ६. बहुमताला ११४ लागतात, भाजप आणि शिंदेंचे मिळून ११८ होतात. १९९७ पासून २०२२ पर्यंत मुंबई महापालिकेत सत्तेच्या बाजूने बोलणारा 'सामना' आता विरोधात बसून बोलतोय.

या निकालावर ठाकरे पर्व संपलं का, मराठी मत कुठे गेलं, यावर भरपूर लिहिलं गेलं आणि ते प्रश्न खरेच आहेत. पण आणखी एक सत्तापालट त्याच दिवशी झाला होता. चार वर्षं अधिकाऱ्यांच्या हातात असलेलं शहर परत निवडून आलेल्या २२७ माणसांसमोर उत्तरदायी झालं. मत कुणालाही दिलं असो, प्रत्येक मुंबईकराचा त्यात फायदा किंवा तोटा आहे.

पुढच्या वेळी अग्रलेखाचा फोटो आला तर

फॉरवर्ड करण्याआधी एवढं तपासून बघा:

– सत्ता मतदारांनी बदलली की नगरसेवकांनी?
– त्यात शहराचा एक तरी ठोस प्रश्न, रक्कम किंवा निर्णय आहे का? की शहराचं नाव बदललं तरी लेख तसाच चालेल?
– आयुक्त, स्थायी समिती, राज्य सरकार यांचा उल्लेख आहे का?
– दुसऱ्या शहरात दुसऱ्या पक्षाने हेच केलं तेव्हा या पेपरने काय लिहिलं होतं?
– भाकीत असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. दोन वर्षांनी परत वाचा.

अग्रलेख वाचणं सोडू नका. एकाऐवजी दोन वाचा, त्यातला एक न पटणाऱ्या पेपरचा. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशीपेक्षा सहा महिन्यांनी, पहिल्या मोठ्या पावसानंतर किंवा पहिल्या अर्थसंकल्पानंतर तोच पेपर काय लिहितो, याकडे जास्त लक्ष द्या. गुलाल तोवर धुऊन गेलेला असतो, पण घरपट्टीचं बिल तुमच्या नावानेच येणार असतं.